पॅकेज का बसत नाही? फाईल सिस्टिमची मांडणी आणि दोष शोधण्याची रीत

जुना संगणक भंगारात न देता त्यावर लिनक्स ही मुक्त प्रणाली बसवावी आणि तो पुन्हा कामास लावावा, हा मार्ग अनेक शाळांनी, वाचनालयांनी व कुटुंबांनी स्वीकारला आहे. परवान्याचे शुल्क द्यावे लागत नाही आणि जुन्या यंत्रावरही काम निभावते. मात्र अशा संगणकांची जडणघडण क्वचितच सरळ असते. एका देणगीदाराची लहान एसएसडी, दुसऱ्याची जुनी हार्ड डिस्क, असे जे हाती येईल ते जोडलेले असते आणि ज्याने प्रणाली बसवली त्याने आपल्या समजुतीप्रमाणे जागेची वाटणी केलेली असते. काही महिन्यांनी एखादे नवे सॉफ्टवेअर बसवू जावे, तर ते बसत नाही. पडद्यावर इंग्रजी ओळींची रांग लागते. दुरुस्तीवाल्याचे उत्तर ठरलेले असते : "फॉरमॅट मारावा लागेल."

फॉरमॅट मारल्यावर संगणक चालू होतो, हे खरे. परंतु मुलांनी वर्षभर केलेले प्रकल्प, निबंध, चित्रे व छायाचित्रे त्याबरोबर पुसली जातात. ज्या विद्यार्थ्याचा स्वतःचा दुसरा संगणक नाही, त्याच्यासाठी ही हानी किरकोळ नव्हे. म्हणून प्रस्तुत लेखाचा मुद्दा प्रारंभीच सांगतो. अशा प्रसंगी पॅकेज सदोष असतेच असे नाही आणि संगणक बिघडलेला असतोच असेही नाही. पॅकेज तयार करणाऱ्याने फाईली ठेवण्याच्या जागेविषयी काही गृहीत धरलेले असते आणि आपल्या संगणकात ती जागा वेगळी असते. कोणते गृहीतक मोडले ते शोधणे हाच दुरुस्तीचा मुख्य भाग होय. ते सापडले की उपाय बहुधा दोन-चार ओळींचा असतो.

लेखात कमांड व फाईलींची नावे देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकावयाची असतात. 'डीएफ', 'डीपीकेजी' यांसारखी लघुरूपे अक्षराअक्षराने वाचावीत. प्रणालीत बदल करणाऱ्या कमांडच्या आधी 'सुडो' हा शब्द लागतो. तो येथे प्रत्येक ठिकाणी पुन्हा लिहिलेला नाही.

एकच झाड, अनेक डिस्का

विंडोज वापरणाऱ्यांना सी, डी, ई अशा निरनिराळ्या ड्राइव्हची सवय असते. लिनक्समध्ये सर्व फाईलींचे एकच झाड असते. त्याच्या मुळाची खूण म्हणजे एक तिरकी रेघ. त्या मुळापासून फांद्या फुटतात. प्रणालीच्या नोंदी व मांडणी 'ईटीसी' या फांदीवर असते. प्रोग्राम 'यूएसआर'मध्ये असतात. 'यूझर' या इंग्रजी शब्दातील 'ई' गाळून हे नाव बनले आहे. सतत बदलणारी माहिती 'व्हार'मध्ये राहते. हे 'व्हेरिएबल' या शब्दाचे पहिले तीन वर्ण. तात्पुरत्या फाईली 'टीएमपी'त, संगणक सुरू होण्यासाठी लागणाऱ्या फाईली 'बूट'मध्ये आणि आपले स्वतःचे काम 'होम'मध्ये असते.

या फांद्या एकाच डिस्कवर असाव्यात असा नियम नाही. निवासी शाळेत राहिलेल्यांना हे सहज उमजेल. कोठीघराचे दार स्वयंपाकघराशेजारी असते, परंतु दारामागील खोली दुसऱ्या इमारतीची असू शकते. "कोठीतून तांदूळ आणा" असे सांगणाऱ्याला त्याच्याशी कर्तव्य नसते. दुसऱ्या पार्टिशनला झाडाच्या एखाद्या फांदीच्या जागी असे जोडणे म्हणजे 'माउंट' करणे. याहून निराळा प्रकार म्हणजे 'सिम्लिंक'. ती केवळ पाटी असते : "कोठी येथे नाही, त्या बाजूला पाहा." दार आणि पाटी यांतील भेद ध्यानात ठेवावा, पुढे त्याची गरज पडेल.

दोन कोठारांचा इतिहास

या मांडणीला इतिहास आहे. १९६९ साली अमेरिकेतील बेल लॅब्ज या संस्थेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्स प्रणालीचे काम आरंभिले. १९७०च्या दशकाच्या प्रारंभी ती पीडीपी-११ या यंत्रावर चालू लागली. त्या काळच्या डिस्का आजच्या मानाने अत्यंत लहान होत्या. मूळ प्रणाली एका डिस्कवर आणि वापरकर्त्यांच्या फाईली 'यूएसआर' नावाने जोडलेल्या दुसऱ्या डिस्कवर, अशी व्यवस्था होती. प्रणाली वाढत गेली, पहिल्या डिस्कवर मावेना, तेव्हा काही प्रोग्राम वापरकर्त्यांच्या शेजारी नेऊन ठेवावे लागले. '/बिन' आणि '/यूएसआर/बिन' अशी प्रोग्रामांची दोन कोठारे पडली ती यातून.

पुढे डिस्का मोठ्या झाल्या आणि वापरकर्त्यांची बिऱ्हाडे 'होम'मध्ये हलली. तरीही दोन कोठारे तशीच राहिली आणि नंतरच्या पिढ्यांनी त्या विभागणीची नवनवी कारणे सांगितली. गरजेतून पडलेली रीत गरज संपल्यावरही टिकते आणि मग तिचे समर्थन शोधले जाते, हा अनुभव इतिहासाच्या अभ्यासकाला नवा नाही.

लिनक्सच्या निरनिराळ्या प्रणालींत एकवाक्यता यावी म्हणून १९९४ मध्ये फाईलींच्या मांडणीचा पहिला लिखित संकेत प्रसिद्ध झाला. त्यातूनच 'फाईल सिस्टिम हायरार्की स्टँडर्ड' घडले; त्याची तिसरी आवृत्ती २०१५ ची आहे. दोन कोठारे एकत्र करण्याचे काम फेडोरा या प्रणालीने २०१२ मध्ये आपल्या १७व्या आवृत्तीत केले. डेबियनने २०१९ च्या १०व्या आवृत्तीपासून नव्याने बसवलेल्या संगणकांवर हीच रीत ठेवली आणि २०२३ च्या १२व्या आवृत्तीपासून ती सर्वांना अनिवार्य केली. आता '/बिन' ही केवळ '/यूएसआर/बिन'कडे बोट दाखवणारी पाटी उरली आहे. उबंटू आणि सी-डॅकने विकसित केलेली बॉस या दोन्ही प्रणाली डेबियनवर आधारलेल्या आहेत. त्यामुळे पुढील विवेचन डेबियनच्या रीतीस धरून केले आहे.

पॅकेज बसते म्हणजे काय होते?

पॅकेज म्हणजे फाईलींचा गठ्ठा आणि त्यासोबत आलेली सूचनांची चिठ्ठी. ते बसवण्याचे काम दोन प्रोग्राम करतात. 'एपीटी' बाहेरून गठ्ठा आणतो. 'डीपीकेजी' तो उघडून मांडतो. या कामाच्या चार पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीमागे एक गृहीतक आहे.

पहिल्या पायरीवर गठ्ठा '/व्हार/कॅश/एपीटी/आर्काइव्हज' येथे उतरतो. तेथे जागा आहे, असे गृहीत असते. दुसऱ्या पायरीवर काही पॅकेजे वापरकर्त्याला विचारावयाच्या प्रश्नांची छोटी स्क्रिप्ट 'टीएमपी'त काढून चालवतात. तेथे प्रोग्राम चालवण्यास मुभा आहे, असे गृहीत असते. तिसऱ्या पायरीवर प्रत्येक फाईल प्रथम तात्पुरत्या नावाने तिच्या अंतिम जागेशेजारी लिहिली जाते आणि मग तिचे नाव बदलले जाते. जुनी फाईल असल्यास तिची राखीव प्रत 'हार्ड लिंक' या सोयीने ठेवली जाते. म्हणजे एकाच वस्तूची नोंदवहीत दोन नावांनी नोंद होते. मध्येच वीज गेली तरी अर्धवट फाईल मूळ नावाने राहू नये, हा त्यामागील हेतू. येथे फाईल सिस्टिमला लिंक, मालकी आणि परवानग्या कळतात, असे गृहीत असते. चौथ्या पायरीवर '/व्हार/लिब/डीपीकेजी/इन्फो' येथे ठेवलेली 'पोस्टइन्स्ट' नावाची स्क्रिप्ट चालते आणि बसवलेल्या वस्तूची घडी घालते. 'व्हार'मध्येही स्क्रिप्ट चालू शकते, असे गृहीत असते.

काम कोणत्या पायरीवर अडले हे कळले की अर्धे निदान झाले. त्यासाठी शेवटची ओळ वाचून थांबू नये. शेवटची ओळ बहुधा "अमुक पॅकेजवर प्रक्रिया करताना त्रुटी आली" एवढेच सांगते. खरे कारण तिच्या वर, पहिल्या त्रुटीच्या ओळीत असते आणि त्याच ओळीत फाईलीचा संपूर्ण पत्ताही असतो. तो पत्ता कागदावर उतरवून घ्यावा.

संदेश आणि त्यांचे अर्थ

'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस', म्हणजे जागा संपली. येथे पहिला प्रश्न विचारावा : कोणत्या पार्टिशनवरची? 'डीएफ -एच' ही कमांड प्रत्येक पार्टिशनची भरती वेगवेगळी दाखवते. 'होम'मध्ये शेकडो जीबी मोकळे असून 'व्हार' किंवा 'बूट' काठोकाठ भरलेले असू शकते. 'व्हार' भरले असल्यास 'एपीटी क्लीन'ने उतरवलेले जुने गठ्ठे काढावेत. त्याने बसवलेल्या सॉफ्टवेअरला धक्का लागत नाही. वेगळे व लहान 'बूट' पार्टिशन जुन्या कर्नलांनी भरते. तेथे 'एपीटी ऑटोरिमूव्ह' ही कमांड निरुपयोगी कर्नल काढते. हातांनी फाईली पुसू नयेत.

कधी 'डीएफ -एच' भरपूर जागा दाखवते आणि तरीही हाच संदेश येतो. अशा वेळी 'डीएफ -आय' पाहावे. प्रत्येक फाईलीसाठी 'आयनोड' नावाची एक नोंद लागते. ईएक्सटी४ या प्रचलित फाईल सिस्टिममध्ये या नोंदींची संख्या पार्टिशन तयार करतानाच ठरते. लक्षावधी बारीक फाईली साठल्या की नोंदवहीची पाने संपतात, जरी कोठीत जागा असली तरी. ज्या डिरेक्टरीत अशा फाईली साठल्या असतील ती शोधून रिकामी करणे, हाच उपाय.

'परमिशन डिनाइड', म्हणजे परवानगी नाकारली. 'सुडो' वापरूनही हा संदेश येतो तेव्हा पासवर्डवर संशय घेतला जातो. वास्तविक सुरक्षिततेसाठी पार्टिशन 'नोएक्झेक' हा पर्याय देऊन जोडलेले असू शकते. त्याचा अर्थ, येथील कोणतीही फाईल प्रोग्राम म्हणून थेट चालवू नये. हा निर्बंध प्रशासकालाही लागू होतो. 'टीएमपी' अशी असेल तर काम दुसऱ्या पायरीवर अडखळते. 'व्हार' अशी असेल तर चौथ्या.

'ऑपरेशन नॉट परमिटेड' हा संदेश वरच्यासारखा दिसतो, पण त्याचे कारण निराळे असू शकते. त्याच्यासोबत 'बॅकअप लिंक' करता आली नाही असे शब्द असतील, तर ती जागा फॅट प्रकारच्या पार्टिशनवर आहे का ते पाहावे. पेनड्राइव्हवर व संगणक सुरू करणाऱ्या पार्टिशनवर हा प्रकार आढळतो. फॅटला हार्ड लिंक ठाऊक नाही, सिम्लिंक ठाऊक नाही आणि फाईलीचा मालकही ठाऊक नाही. संपूर्ण '/बूट' फॅटवर ठेवलेले असेल, तर कर्नलच्या अद्ययावतीकरणात हा अडथळा येतो. '/बूट' ईएक्सटी४ वर ठेवून केवळ '/बूट/ईएफआय' फॅटवर ठेवणे, ही योग्य मांडणी होय.

'रीड-ओन्ली फाईल सिस्टिम' म्हणजे येथे लिहिता येत नाही. डिस्कवरील नोंदींत बिघाड आढळल्यास अधिक नासाडी होऊ नये म्हणून लिनक्स ते पार्टिशन केवळ वाचण्यापुरते ठेवू शकते. हा संदेश अनपेक्षितपणे आला तर प्रथम महत्त्वाच्या फाईलींची प्रत दुसरीकडे घ्यावी, नंतर लाइव्ह पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून 'एफएससीके'ने तपासणी करावी. पॅकेजचा विचार त्यानंतर.

शेवटचा प्रकार कोठारे एकत्र करतानाचा. जुनी प्रणाली अद्ययावत करताना 'यूएसआरमर्ज' हे पॅकेज थांबते आणि एकच फाईल '/लिब' व '/यूएसआर/लिब' अशा दोन्ही ठिकाणी आहे, असे सांगते. कोणीतरी हातांनी एक प्रत ठेवल्याचे ते चिन्ह असते. 'डीपीकेजी -एस' (येथे 'एस' मोठ्या लिपीतील) या कमांडपुढे पत्ता दिला की ती फाईल कोणत्या पॅकेजच्या मालकीची आहे ते कळते. जिला मालक नाही ती उपरी प्रत, तपासून, अन्यत्र हलवावी आणि काम पुन्हा सुरू करावे.

एक उदाहरण शेवटपर्यंत

समजा, एका संगणकात ६० जीबीची एसएसडी आणि ५०० जीबीची जुनी हार्ड डिस्क आहे. प्रणाली एसएसडीवर आहे आणि जागा वाचवण्यासाठी 'व्हार' हार्ड डिस्कवर नेले आहे. दुसऱ्या डिस्कवर सुरक्षितता हवी म्हणून ती जोडताना 'नोएक्झेक' हा पर्याय दिला आहे. आता एखादे शैक्षणिक सॉफ्टवेअर बसवू लागताच गठ्ठा उतरतो, फाईली मांडल्या जातात आणि अगदी शेवटी 'पोस्ट-इन्स्टॉलेशन स्क्रिप्ट' चालवता आली नाही, 'परमिशन डिनाइड', असा संदेश येतो. पत्ता '/व्हार/लिब/डीपीकेजी/इन्फो'मधला आहे.

आधी पायरी ओळखावी : फाईली मांडल्या गेल्या, म्हणजे जागा आहे आणि लिहिताही येते, अडले ते चौथ्या पायरीवर. आता ती जागा कोणत्या पार्टिशनवर आहे ते विचारावे. 'फाइंडएमएनटी -टी' ('टी' मोठ्या लिपीतील) या कमांडपुढे संदेशातील पत्ता द्यावा. ती डिस्कचे नाव, फाईल सिस्टिमचा प्रकार आणि जोडणीचे पर्याय एका ओळीत दाखवते. त्या पर्यायांत 'नोएक्झेक' दिसले की निदान पूर्ण झाले.

उपाय दोन टप्प्यांत करावा. तूर्त 'माउंट -ओ रीमाउंट,एक्झेक /व्हार' या कमांडने निर्बंध उठवावा आणि 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' देऊन अर्धवट राहिलेले काम पुरे करावे. पॅकेज पुन्हा उतरवण्याची आवश्यकता नाही. परंतु संगणक पुन्हा सुरू होताच जुना निर्बंध परत येईल. म्हणून '/ईटीसी/एफएसटॅब' या फाईलीची प्रत ठेवून तिच्यातील 'व्हार'च्या ओळीतून 'नोएक्झेक' हा शब्द काढावा. 'फाइंडएमएनटी --व्हेरिफाय' ही कमांड त्या फाईलीतील चुका दाखवते. ती चालवून पाहिल्याखेरीज संगणक बंद करू नये. या सर्व प्रक्रियेत 'होम'मधील एकाही फाईलीला हात लागलेला नाही, हे ध्यानात घ्यावे.

काय करू नये

घाईत केलेले काही उपाय मूळ दोषाहून घातक असतात. संपूर्ण '/व्हार/लिब/डीपीकेजी' पुसू नये. कोणते पॅकेज बसले आहे याची नोंदवही तीच आहे. सर्व फाईलींना सर्व परवानग्या देणारी 'सीएचमॉड ७७७' ही कमांड वरीलपैकी एकही दोष दूर करत नाही, उलट सुरक्षितता घालवते. लॉक फाईल पुसू नये. दुसरा प्रोग्राम काम करीत असल्याची ती खूण असते, तो संपण्याची वाट पाहावी.

जागा अपुरी पडते म्हणून 'यूएसआर'मधील एखादी डिरेक्टरी दुसऱ्या डिस्कवर नेऊन मूळ जागी सिम्लिंक ठेवण्याची रीतही टाळावी. आतील फाईलींत "येथून दोन पायऱ्या वर जा" अशा सापेक्ष पाट्या असतात. घर हलले की त्या चुकीच्या ठिकाणी नेतात. शिवाय पुढील आवृत्तीत डिरेक्टरीच्या जागी पाटी किंवा पाटीच्या जागी डिरेक्टरी आली, तर 'डीपीकेजी' तो बदल आपणहून करीत नाही. हलवणे अपरिहार्यच असेल तर पाटीऐवजी दार वापरावे, म्हणजे 'बाइंड माउंट' करावे. फाईली नेताना 'सीपी -ए' वापरावे, म्हणजे मालकी व परवानग्या कायम राहतात. 'यूएसआर' किंवा 'व्हार' हलवावयाचे असेल तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून हलवावे.

माजी विद्यार्थ्यांना व पालकांना

संगणक देणगी म्हणून देताना किंवा मुलांसाठी तयार करताना एक लहान गोष्ट अवश्य करावी. 'एलएसबीएलके -एफ' या कमांडने दिसणारी डिस्कांची यादी व '/ईटीसी/एफएसटॅब'मधील ओळी एका कागदावर छापून तो कागद यंत्राच्या आतील बाजूस चिकटवावा. वेगळी मांडणी केली असेल तर का केली, ते त्याखाली मातृभाषेत दोन वाक्यांत लिहावे. बेल लॅब्जमधील भरलेल्या डिस्कचे कारण विसरले गेले आणि दोन कोठारे चार दशके चालत राहिली. आपल्या हातून केलेल्या वाटणीचे कारण पुढच्या माणसाला कळले, तर त्याला अंदाज बांधत बसावे लागणार नाही.

'होम' वेगळ्या पार्टिशनवर ठेवणे ही वेगळ्या मांडणींपैकी सर्वांत हितकारक मांडणी होय. प्रणाली नव्याने बसवण्याची वेळ आलीच तरी, ते पार्टिशन न पुसता, मुलांचे काम शाबूत ठेवता येते. त्याखेरीज महिन्यातून एकदा त्या कामाची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी.

मुलांनाही हे शिकवावे. पडद्यावर इंग्रजी ओळ आली की घाबरून यंत्र बंद न करता ती वहीत उतरवणे, तिच्यातील पत्ता शोधणे, ती जागा कोणत्या डिस्कवर आहे हे विचारणे आणि एका वेळी एकच बदल करून परिणाम पाहणे, एवढे आठवी-नववीच्या विद्यार्थ्याला निश्चित जमते. ज्याला हे जमले, तो 'फॉरमॅट मारावा लागेल' हे उत्तर निमूटपणे ऐकून घेणार नाही. का मारावा लागेल, असे तो विचारील.